ठेच आणि कळ यांच्या मधली जागा

रात्री पाणी प्यायला उठावं आणि अंधारात पलंगाच्या पायावर करंगळी आपटावी, हे ज्याच्या नशिबी आलं नाही असा माणूस विरळा. आधी आवाज येतो. आपटलं, हे समजतं. पाय आपोआप मागे घेतला जातो. आणि मग एक इवलासा, चमत्कारिक शांत अवकाश असतो. त्यात काहीही दुखत नसतं, पण आता दुखणार आहे याची बालंबाल खात्री असते. माणूस एका पायावर उभा, श्वास रोखलेला, ‘आई गं’ ओठांवर येऊन थांबलेलं आणि कळ अजून वाटेत. शरीरशास्त्राची पुस्तकं सांगतात की ठणका वाहून नेणाऱ्या बारीक मज्जातंतूंचा वेग सेकंदाला जेमतेम मीटरभर असतो, त्यामुळे करंगळीपासून मेंदूपर्यंत यायला त्याला वेळ लागायचाच. पाय मागे घेण्याचा हुकूम मात्र पाठीच्या कण्यातूनच सुटलेला असतो. त्यावर मेंदूची सही लागत नाही.

मला या मधल्या जागेचं फार कुतूहल आहे. कीटकांना खरोखर दुखतं, की त्यांचं अंग नुसतंच झटका दिल्यासारखं हलतं, हा वाद जेव्हा जेव्हा वाचनात येतो तेव्हा तेव्हा वाटतं, वाद खरा या जागेचाच आहे. मुंगीचा पाय दाराच्या फटीत चिरडला. ती वळवळली, सुटली, पळाली. इथवर आपली आणि तिची गोष्ट एकच. पुढे तिच्यापाशी कळ येऊन पोचते का? की तिचं सगळं आयुष्य त्या रोखलेल्या श्वासातच जातं, ठेच लागून गेलेली आणि कळ कधीच न येणारी? तसं असेल तर मोक्ष म्हणतात तो हाच. ज्यासाठी माणसं घरदार सोडून हिमालयात जातात, ते ढेकणाला गादीतल्या गादीत लाभलेलं.

या प्रश्नाचा एक फार जुना खटला महाभारताच्या आदिपर्वात आहे आणि तो चालला तोही थेट धर्मराजाच्या, म्हणजे यमाच्या दरबारात. मांडव्य ऋषी मौन धरून आश्रमाच्या दाराशी तप करत होते. चोरांनी चोरीचा माल आश्रमात दडवला आणि स्वतःही तिथेच दडून बसले. राजाच्या शिपायांनी विचारलं तेव्हा मौनामुळे ऋषी बोलले नाहीत, आणि चोरांच्या बरोबरीने तेही सुळावर चढले. मेले मात्र नाहीत. पुढे राजाला सत्य कळलं. सूळ उपसून काढायला गेले तर तो निघेना, म्हणून कापला. टोक आतच राहिलं आणि ऋषींचं नाव अणीमांडव्य पडलं. मग ते धर्माकडे गेले आणि त्यांनी विचारलं, असं केलं तरी काय होतं मी? धर्माने खातेवही चाळली असावी. उत्तर आलं, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य खवळले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यांनी धर्मालाच शाप दिला, त्या शापाने तो विदुर होऊन जन्माला आला. आणि जाता जाता ऋषींनी कायद्यात दुरुस्तीही करून घेतली की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने काही केलं तर ते पाप धरायचं नाही.

एवढ्या मोठ्या दोन माणसांचं भांडण, पण किड्याला साक्षीला बोलवावं असं दोघांनाही सुचलं नाही. धर्माच्या वहीत काडीची कळ आणि सुळाची कळ एकाच मापाच्या. मांडव्यांच्या मते किड्याचं दुखणं ते किड्याएवढंच असणार. दुखण्याचं माप अंगाच्या मापावरून ठरवायचं का, हा खरा मुद्दा तिथे निघाला होता. शापाच्या गडबडीत तो तसाच राहून गेला.

त्या चौदा वर्षांच्या सवलतीचा फायदा मात्र आमच्याकडच्या पोरांनी पुरेपूर घेतला. पाऊस सरत आला, माळावरचं गवत गुडघ्याला लागायला लागलं, की चतुर उतरायचे. पोरं दबकत जायची, दोन बोटांची चिमटी करून शेपटी धरायची, तिला शिवणाच्या रिळाचा दोरा बांधायची आणि मग त्याला उडवत गल्लीभर मिरवायची. दोऱ्याचं टोक ज्याच्या हाती तो वैमानिक. दुपारच्या उन्हात चतुराचे पंख अभ्रकासारखे चमकायचे. डोकं म्हणजे जवळजवळ सगळे डोळेच, आणि हजारो बारीक काचा जडवलेल्या त्या दोन घुमटांत तक्रारीची छटासुद्धा नसायची. त्यांतले पिवळसर चतुर, पँटाला फ्लेव्हेसन्स नावाचे, मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन मालदीववरून हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. पिढ्यांमागून पिढ्या हा फेरा चालू असतो. म्हणजे आफ्रिकेला निघालेल्या उतारूला आमच्या गल्लीने दोरा बांधून खोळंबवून ठेवलेलं असायचं. एखादा दोऱ्यासकट निसटायचा. तो वीतभर दोरा कुठवर गेला असेल, हा विचार मला अजूनही अधूनमधून चाळा लावतो.

शास्त्रज्ञांकडे जावं तर त्यांच्यातही धर्म आणि मांडव्य आहेतच. १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या आयझमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर एक लेख लिहिला. त्यातली उदाहरणं जेवताना वाचण्यासारखी नाहीत. पाय चिरडलेला किडा लंगडत नाही, चिरडलेलाच पाय पूर्वीइतक्या जोराने टेकत चालतो. टोळाला प्रार्थनाकीटक खात असतो आणि टोळ समोरचं पान खात असतो. दोघांचंही जेवण एकाच वेळी सुरळीत चाललेलं! लग्नाच्या पंगतीत कुणी नुसतं आपल्या पाटामागे येऊन उभं राहिलं तरी आपल्याला घास उतरत नाही, इथे मागचा माणूस थेट आपल्यालाच वाढून घेतोय. दुखत असतं तर असं झालं असतं का, असा त्या लेखाचा रोख आहे, आणि तो वाचताना मान डोलावीशी वाटते. पण शेवटाकडे हीच मंडळी सुचवतात की किड्याला इजा होणारा प्रयोग करायचा असेल तर आधी त्याला बधिर करावं. न जाणो, दुखत असलं तर? शिवाय प्रयोग करणाऱ्याच्या मनातला जीवांविषयीचा आदरही शाबूत राहील. दुखत नसावं, पण भूल द्या. सगळा युक्तिवाद बाजूला ठेवून मी त्या एका सूचनेवर खूश आहे.

त्याआधी, १९८० साली, हाच प्रश्न व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी विचारला होता. केंब्रिजचे हे गृहस्थ कीटकांच्या शरीरशास्त्रातलं फार मोठं नाव. १९३०च्या दशकात त्यांनी ऱ्होडनियस नावाच्या, रक्त पिणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या किड्यांची मुंडकी उडवली, ते बिनडोक किडे महिनोन्महिने जिवंत ठेवले, एकमेकांना जोडूनही पाहिले, आणि कात टाकण्याचा हुकूम डोक्यातून रक्तावाटे सुटतो हे दाखवून दिलं. आणि पुढे वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी एक छोटा लेख लिहिला, त्याचं शीर्षकच असं की कीटकांना वेदना होतात का? ज्याने उभं आयुष्य चाकू हातात धरला त्यालाच उतारवयात ही शंका यावी, हे मला फार लोभस वाटतं. खटल्यातला वादी आणि प्रतिवादी एकाच कोटाच्या दोन खिशांत राहायला आल्यासारखे.

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती पाखरं जमली की वर्तमानपत्राच्या कागदाला गोडंतेल चोपडून तो ट्यूबशेजारी टांगायची पद्धत आमच्या घरी अजून आहे. सकाळी कागद उतरवताना त्यावर नजर जातेच. हिरवी, तपकिरी, काचेच्या पंखांची, टाचणीच्या टोकाएवढी असंख्य. एखाद्याचा पाय अजून हलत असतो, अगदी सावकाश, मजकुराखाली रेघ ओढत असल्यासारखा. एकदा एक पोपटी पाखरू बरोबर राशिभविष्यात चिकटलेलं होतं, प्रवासाचे योग असलेल्या राशीवर. भिंग घेऊन मी त्याचं तोंड पाहिलं. काही म्हणता काही नव्हतं तिथे. कीटकाचा सांगाडा अंगाच्या बाहेर, त्यामुळे त्याला भुवया आक्रसता येत नाहीत, ओठ चावता येत नाही, पापणीही मिटता येत नाही. सणासुदीला आणि मरणाच्या दारात चेहरा एकच. आणि आपली दया तर चेहरा पाहूनच पाझरते. फुलपाखराचा पंख फाटला तर आपण हळहळतो. झुरळाचा पाय तुटला तर केरसुणी शोधतो.

ओरडणं हाच पुरावा धरला तर मुंग्यांचं काय करायचं कळत नाही. २०२४ साली जर्मनीतल्या एरिक फ्रांक यांच्या गटाने फ्लोरिडाच्या मुंग्यांविषयी एक गोष्ट प्रसिद्ध केली. मांडीला जखम झालेल्या मुंगीचा पाय तिची साथीदारीण कुरतडून मुळापासून तोडते. जखम खालच्या बाजूला असेल तर तोडत नाही, नुसती चाटूनपुसून साफ करते. म्हणजे शस्त्रक्रिया कधी करायची आणि कधी नाही याचा विवेकही आहे. रुग्ण निमूट उभी असते, पाय पुढे करून. याला सोशीकपणा म्हणावं की बधिरपणा? दवाखान्यात साध्या इंजेक्शनलाही ‘सिस्टर, हळू हं’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर मत देऊ नये हे उत्तम.

आता खरी पंचाईत सांगतो. २०२२ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या मॅटिल्डा गिबन्स, लार्स चिटका आणि इतरांनी तोवरचं सगळं संशोधन गोळा करून आठ कसोट्यांवर कीटकांना घासून पाहिलं. इजेची बातमी मेंदूपर्यंत पोचते का, जखमेची काळजी घेतली जाते का, मोठ्या लाभासाठी इजा सोसली जाते का, अशा त्या कसोट्या. आठांपैकी सहा कसोट्यांना उतरले ते दोन गण. एक माश्या आणि डासांचा, दुसरा झुरळं आणि वाळवीचा. बाकीचे मागे राहिले, काही अंशी त्यांचा अभ्यासच कमी झालाय म्हणून. पण निकाल वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. वेदनेच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आले ते नेमके डास आणि झुरळ, ज्यांच्यासाठी घरोघर चार्जिंगला लावलेली रॅकेट आहे, फवारा आहे, आणि ओट्याखाली ओढायचा तो पांढरा खडू आहे. ज्या बिचाऱ्या फुलपाखराला आपण वहीवर, पडद्यावर, लग्नपत्रिकेवर जपलं, त्याचा नंबर नाही.

त्या खडूतलं विष म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात सापडणाऱ्या विषाची कारखान्यात केलेली नक्कल. ते मज्जातंतूंची दारं उघडीच ठेवतं. एकदा गेलेला संदेश पुन्हा पुन्हा जात राहतो. झुरळ उताणं पडून पाय झाडतं ते यामुळे. ते झाडणं म्हणजे तळमळ की नुसता तारांचा गोंगाट, हे वरून पाहून कुणालाही सांगता यायचं नाही. मला विचाराल तर काहीतरी पोचत असावं, असं माझं मन म्हणतं. आपल्याएवढं लांबरुंद नसेल, पुढच्या आठवड्यापर्यंत टिकणारं नसेल, ते चारचौघांत सांगून वाढवताही येत नसेल. पण असेल. आमच्या मावशीला असल्या अटकळींची गरज पडत नाही. उताणं झुरळ दिसलं की ती चप्पल पुढे करते आणि म्हणते, “अर्धवट ठेवू नकोस रे, एका फटक्यात सोडव त्याला.” क्वीन्सलंडच्या मंडळींनी भूल द्या म्हणून जे सुचवलं, त्याचं हे आमच्या स्वयंपाकघरातलं भाषांतर.

आणि सरकार कुठल्या बाजूला? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला १९६०चा कायदा उघडून बघावा. ‘प्राणी’ म्हणजे मनुष्य सोडून कोणताही जिवंत जीव, अशी त्यात व्याख्या आहे. कोणताही! हत्ती, गाय, चिमणी, आणि व्याख्या शब्दशः घ्यायची तर उशाशी गुणगुणणारा डासही. कायद्याच्या अधिकारात होणाऱ्या संहाराला सूट आहे म्हणून पालिकेचा धूर सुटतो. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५०. मांडव्यांना हे कळतं तर त्यांनी सुट्टे पैसे काढून दिले असते आणि विदुर जन्मालाच आला नसता.

परवा मावशी तांदूळ निवडत बसली होती. पोरकिडे झाले होते. सुपात तांदूळ पसरला की ते काळे ठिपके कडेकडेने चालू लागत, मावशीचं बोट त्यांच्या वाटेत आलं की थबकत, वळसा घालत. मी तिला लंडनच्या मधमाश्यांची गोष्ट सांगितली. बंबलबी त्या, आपल्या भुंग्याच्या केसाळ, गुबगुबीत चुलत बहिणी. गिबन्सबाईंनीच केलेला प्रयोग. साखरपाण्याची भांडी मांडली, रंगावरून ओळखू येतील अशी. काहींखाली ५५ अंशांची गरम बैठक, काही थंड. दोन्हीकडे सारखीच गोडी असली की माश्या गरम भांड्याला टाळायच्या. थंड भांड्यातली साखर कमी कमी करत नेली, तशा त्या गरम भांड्यावर जाऊन बसू लागल्या. चटका ओळखत होत्या, गोडीही ओळखत होत्या, आणि रंग लक्षात ठेवून दोन्हींचा हिशेब करून ठरवत होत्या. नुसता झटका असता तर पाय प्रत्येक वेळी सारखाच मागे आला असता, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं.

“साखर किती होती म्हणालास?”

“गरम भांड्यात शंभराला चाळीस.”

“मग बसणारच की,” मावशी म्हणाली. “जिलबी पाकातून काढताना आम्ही काय बोटं थंड पाण्यात बुडवून बसतो?”

मग मी तिला हेही सांगितलं की याच माश्यांच्या भाऊबंदांपुढे लाकडी चेंडू ठेवले तर त्या विनाकारण ते लोळवत बसतात, कुणी एकदाच, तर एकीने चक्क ११७ वेळा. आणि त्यातही लहान वयाच्या जास्त खेळतात.

“खेळतात?” मावशीने पहिल्यांदाच सुपातून मान वर केली. “एकशे सतरा वेळा? आईने हाक मारली नसेल तिला.”

तिने सूप माझ्याकडे सरकवलं. पोरकिडे घालवायचे तर तांदूळ उन्हात पसरायचा, ते आपसूक निघून जातात, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मी सूप घेऊन गच्चीकडे निघालो, तर तिने मागून आवाज दिला. “आत्ता नको रे. पत्रा तापला असेल, पळायच्या आत भाजतील मेले. चार वाजता ठेव.”

चार वाजता आभाळ भरून आलं. तांदूळ घरातच राहिला, आणि त्यातली बिऱ्हाडंही. रात्री मावशीने भाताऐवजी वरणफळं केली.